जुनी बेल्जियन बीअर: कुठली ठेवायची, कुठली लगेच उघडायची, आणि मुरवण्यासारखी घरी कशी बनवायची

तुझा प्रश्न थोडक्यात असा होता: बेल्जियमात लूव्हेनला राहतेस, बिल्डिंगच्या तळघरात तीन वर्षांपासून ऑर्व्हल, वेस्टमाले ट्रिपेल, रोशफोर १० आणि ग्यूझ या आंबट बीअरची एक मोठी बाटली पडून आहे, यातलं काय ठेवू काय उघडू. शिवाय घरी तसंच काही बनवून दोन-तीन वर्षं मुरवायचं असेल तर सुरुवात कुठून करू, काळ्या सिरपऐवजी गूळ चालेल का, आणि डिसेंबरात नाशिकला जाताना काय नेऊ. सगळ्याचं उत्तर देतो, फक्त क्रम माझा.

आधी ती ट्रिपेल उघड. या वीकेंडला. साडेनऊ टक्के आहे म्हणून टिकेल असं तुला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय, पण अल्कोहोल जास्त म्हणजे ठेवायची बीअर हा समज अर्धाच खरा आहे. ट्रिपेलची मजा कशात असते तर फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), नीट जाणवणारा कडूपणा, यीस्टचा फळांसारखा आणि लवंगेसारखा वास, आणि तोंडात फुटणारा फेस. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं वेळ नुकसानच करतो. हॉप्स या फुलांचा कडूपणा देणारी आयसो-अल्फा आम्लं हळूहळू तुटतात, केळ्यासारखा वास देणारं एस्टर कमी होत जातं, आणि जी काही थोडी हवा बाटलीत अडकलेली असते तिच्यामुळे फिकट बीअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास यायला लागतो. तीन वर्षांची वेस्टमाले वाईट लागेल असं नाही, मधासारखी गोडसर लागेल, काहींना तेच आवडतं, पण माझ्या मते ती वर्षभराच्या आत प्यायची चीज आहे. १९३४ पासून बनतेय ती, आणि ताजी प्यायली तर अजूनही तिच्या जवळ कुणी पोचत नाही.

रोशफोरचं प्रकरण वेगळं. तिथे ११.३ टक्के तर आहेच, पण खरा फरक गडद माल्ट आणि काळ्या साखरेचा. भाजताना, शिजवताना तयार झालेले जे तपकिरी पदार्थ असतात ते हवेशी रिअ‍ॅक्ट होतात तेव्हा पुठ्ठा नाही होत, शेरी होते. मनुका, अंजीर, खजूर, जुनी पोर्ट वाइन असलं काहीतरी. जुन्या शेरीत आणि मुरलेल्या गडद बीअरमध्ये सोटोलोन नावाचं एक द्रव्य सापडतं, आणि तेच आपल्या मेथीदाण्याच्या वासाच्या मुळाशी आहे, त्यामुळे जुनी क्वाड, म्हणजे रोशफोर १० सारखी गडद जोरकस बीअर, हुंगताना मराठी नाकाला मध्येच ओळखीचं काहीतरी लागतं ते उगाच नाही. ताज्या रोशफोर १० मध्ये अल्कोहोल जरा अंगावर येतं, वर्ष-दोन वर्षांत ते बसतं आणि चव गोल होते. तीन वर्षांची बाटली म्हणजे अगदी वेळेवर आहे. दोन असतील तर एक आता उघड आणि दुसरी अजून दोन वर्षं ठेव. फार लांबवू नकोस मात्र, तळाशी मेलेलं यीस्ट शेवटी फुटतं आणि सोया सॉससारखी चव सोडतं, थोडी असली तर बरी लागते, जास्त झाली की सूप.

हे स्वतःच्या जिभेवर तपासायचं असेल तर सगळ्यात स्वस्त मार्ग शिमेची निळ्या लेबलची ग्रांद रेझर्व्ह. तिच्यावर वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे दरवर्षी थोड्या घ्यायच्या आणि मग ओळीने वेगवेगळ्या वर्षांच्या उघडायच्या. वेस्टव्हलेटरेन १२ च्या मागे लोक वेड्यासारखे लागतात, चांगली आहेच, पण मुरवण्याच्या बाबतीत शिमे आणि रोशफोर तिच्यापेक्षा काही कमी नाहीत आणि सुपरमार्केटात मिळतात.

आता ऑर्व्हल, जिच्याबद्दल मी कितीही बोलू शकतो. ही बाटलीत जिवंत असते. तशा या सगळ्याच बाटल्यांत यीस्ट असतं, पण ऑर्व्हलमध्ये बाटली भरताना ब्रेटानोमायसिस जातं, ज्याला सगळे ब्रेट म्हणतात. हे यीस्ट १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लाउसेनने इंग्लिश स्टॉक एलच्या (मुरवायच्या बीअरच्या) संदर्भात जगापुढे मांडलं. साधं यीस्ट जी साखर खाऊ शकत नाही ती लांब साखळीची साखर ब्रेट सावकाश खात बसतं, महिनोन् महिने. त्यामुळे तीन महिन्यांची ऑर्व्हल म्हणजे ताज्या हॉप्सचा वास असलेली कडवट, जरा गोडसर बीअर, सहा-आठ महिन्यांनी त्यात चामडं, वाळलेलं गवत, तबेला असले वास यायला लागतात, आणि दोन-तीन वर्षांनी हॉप्स गेलेले, अंग एकदम कोरडं म्हणजे गोडी न उरलेलं, फेस भरपूर. लेबलवर ६.२ टक्के लिहिलेलं असतं आणि बाटली कधी भरली ती तारीखही असते, ती बघून घ्यायची सवय लाव. या देशातल्या काही कॅफेंत तर ताजी देऊ की जुनी असं विचारतात. माझं मत विचारशील तर आठ महिने ते दीड वर्ष, कारण तेव्हा हॉप्स आणि ब्रेट दोघं एकाच ग्लासात असतात. तुझी तीन वर्षांची आहे ती पूर्ण ब्रेटची झाली असणार. उघड, पण शेजारी एक ताजी आणून ठेव, दोन्ही एकत्र चाखल्याशिवाय काय झालंय ते कळणार नाही. १२ ते १४ अंशांवर पी, फ्रिजमधून काढल्या काढल्या नको.

ग्यूझची मोठी बाटली सरळ ठेवून दे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचं मिश्रण असतं ते, ब्रुसेल्सच्या आसपासच्या हवेतल्या जंतूंनी आंबवलेलं, त्यातली आंबट होण्याची आणि कोरडी होण्याची कामं बरीचशी पिंपातच झालेली असतात, म्हणून बाटलीत ती दहा वर्षं सहज काढते. काहींवर तर वीस वर्षं पुढची तारीख असते. फळं घातलेल्या क्रीकचं मात्र उलटं, चेरीचा ताजा वास आधी उडतो आणि नुसता आंबटपणा उरतो, म्हणून क्रीक लवकर संपवायची.

ठेवायचं कसं, तर तुझं तळघर उत्तम आहे, दहा ते चौदा अंश, अंधार, आणि मुख्य म्हणजे तापमान वरखाली होत नाही. क्राउन कॅपच्या (पत्र्याच्या बुचाच्या) बाटल्या उभ्या, गाळ तळाशी राहतो आणि हवेशी लागणारा पृष्ठभागही कमी. कॉर्कवाल्या आडव्या की उभ्या यावर इथे लोक भांडतात, लॅम्बिकवाले आडव्या ठेवतात, मी बाकी सगळ्या उभ्याच ठेवतो आणि कधी त्रास झाला नाही. हिरव्या बाटल्या तर उजेडात चुकूनसुद्धा नको, हॉप्सवर उजेड पडला की जो वास येतो तो कितीही वर्षांनी जात नाही. आणि अँटवर्पला कुलमिनेटरचं नाव ऐकलं असशील, जुन्या बीअरच्या यादीसाठी नावाजलेलं कॅफे, मला या सगळ्याचा नाद तिथूनच लागला.

आता बनवण्याकडे.

तुला ऑर्व्हलसारखी बनवायची आहे हे कळलं, पण पहिली मुरवायची बीअर म्हणून मी गडद क्वाड सांगेन. कारण त्यात एकच यीस्ट सांभाळायचं असतं, बाटली फुटायची भीती कमी, आणि तीन महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी उघडून फरक कळतो. २० लिटरचा माझा हिशोब असा: पिल्सनर माल्ट ६ किलो, म्युनिक माल्ट ७०० ग्रॅम, स्पेशल बी हे गडद माल्ट २५० ग्रॅम, आणि काळं कँडी सिरप ९०० ग्रॅम. मॅशमधून, म्हणजे धान्य गरम पाण्यात भिजवून, ७५ टक्के साखर निघाली तर सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.०९० च्या आसपास येते. एवढं धान्य एका भांड्यात कोंबलं की तेवढी निघत नाही बऱ्याचदा, म्हणून अर्धा किलो पिल्सनर जास्तीचं हाताशी ठेव. मॅश ६५ अंशांवर, गरम नको, कारण ही बीअर जड असून कोरडी संपली पाहिजे, १.०१४ पर्यंत खाली आली तर दहा टक्क्यांच्या जवळ जाते. हॉप्स अगदी साधे, स्टिरियन गोल्डिंग किंवा हॅलरटाऊ, उकळीच्या सुरुवातीला एकदाच, २५ ते ३० आयबीयू (कडूपणाचं माप). रोशफोरवाले थोडे धने घालतात, तू घातलेस तर ५ ते १० ग्रॅमच्या वर जाऊ नकोस, नाहीतर आमटी आठवते.

साखरेबद्दल दोन शब्द जास्त बोलतो कारण इथेच पैसे वाया जातात. होमब्रू दुकानात खडीसाखरेसारखे कँडीचे खडे मिळतात ते घेऊ नकोस, फिकट खडे म्हणजे महागातली साधी साखर, ट्रिपेलला घरातली पांढरी साखर टाकली तरी तेच होतं. ब्रुअऱ्या वापरतात ते गडद पातळ सिरप, ते वेगळं प्रकरण आहे, त्यात मनुका-कॅरॅमलची चव खरंच असते. विकत मिळतं, आणि घरीही होतं. पाक करायची सवय असेल तर अर्धी लढाई जिंकलीस. अर्धा किलो साखर, थोडं पाणी आणि चमचाभर यीस्ट न्यूट्रिएंट, म्हणजे डीएपी, कारण नायट्रोजन असल्याशिवाय नुसतं कॅरॅमल होतं, ती भाजलेली खोल चव येत नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद सगळं मागे टाकून पाक १४० अंशांच्या आसपास धरायचा, चमचा-चमचा पाणी घालत, रंग सोनेरीवरून लाल, लालवरून काळपट होईपर्यंत. पाणी घालताना तो उसळतो, बाही लांब घाल, खिडकी उघड कारण अमोनियाचा वास येतो, आणि लहान मुलं असतील तर त्यांना त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊ देऊ नकोस.

गुळाचं विचारलंस. चालतो, पण सिरपच्या जागी नाही, सिरपच्या बरोबर. अँटवर्पच्या इंडियन स्टोअरमध्ये मिळणारा गडद गूळ २० लिटरला २०० ग्रॅम घातला तर रमसारखी एक बाजू मिळते, छान लागते, मुरल्यावर आणखी छान. त्याच्या पुढे गेलं की क्षार जाणवतात, मागे खारट-तुरट रेंगाळतं, आणि ही गोष्ट वय झालं तरी लपत नाही. काकवी तर त्याहून तीव्र.

यीस्ट. पातळ मिळालं तर वायईस्ट १७६२ किंवा डब्ल्यूएलपी ५४०, ही रोशफोरकडची मानली जातात, नाहीतर वायईस्ट ३७८७ किंवा डब्ल्यूएलपी ५३०, म्हणजे वेस्टमालेचं. कोरडं हवं असेल तर लालब्रू अ‍ॅबे किंवा सॅफएल बीई-२५६, अकरा-साडेअकरा ग्रॅमची दोन पाकिटं, एक नाही. बीई-१३४ आणि बेल सेझोन यांच्यापासून या कामाला लांब राहा, ती यीस्टं स्टार्च तोडून शेवटच्या थेंबापर्यंत खातात आणि नळ्यांमध्ये राहिली तर पुढच्या बॅचच्या बाटल्यांतही काम चालू ठेवतात. यीस्ट टाकायच्या आधी वर्ट (उकळून गार केलेला माल्टचा रस) भरपूर हलवून हवा मिसळ, अख्ख्या प्रोसेसमध्ये हवा चांगली असते ती एवढ्या एका क्षणी. सिरप उकळीत घालू नकोस, दोन-तीन दिवसांनी फर्मेंटेशन जोरात असताना घाल, सोपी साखर आधी मिळाली की यीस्ट आळशी होतं आणि माल्टची साखर अर्धवट सोडतं.

तापमानाला लोक घाबरतात. १८ अंशांवर सुरू कर, पहिले दोन दिवस २० च्या वर जाऊ देऊ नकोस, मग सोडून दे, २४-२५ पर्यंत आपोआप चढू दे. वेस्टव्हलेटरेनमध्ये यीस्ट वेस्टमालेहून येतं, तरी वेस्टमालेत तापमान आवरून धरतात आणि वेस्टव्हलेटरेनला ते बरंच वर चढू देतात, आणि दोन्हीकडची चव वेगळी. म्हणजे नुसतं यीस्ट विकत घेऊन ती बीअर मिळत नाही. पहिल्याच दिवशी गरम सुरू केलंस तर मात्र नेलपॉलिशचा वास येतो, आणि तो पाच वर्षं ठेवलास तरी तिथेच असतो. मुरवल्याने बीअर सुधारते म्हणून बिघडलेली बॅच ठेवून देणारे खूप बघितलेत, खरखरीत अल्कोहोल थोडं बसतं, बाकी दोष वयाने फक्त उघडे पडतात.

फर्मेंटेशन संपल्यावर दीड-दोन महिने थंड जागेत काचेच्या भांड्यात, काठोकाठ भरलेलं, वर हवेची जागा कमीत कमी. मग बाटल्या. इथे हवेचा शत्रू म्हणून विचार कर, कारण घरगुती जुनी बीअर आणि रोशफोर यांच्यातला फरक रेसिपीपेक्षा इथेच जास्त पडतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत, खळखळ नको, भरली की लगेच कॅप, आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या कॅप मिळतात त्या घे. दहा टक्क्यांत दोन महिने राहून यीस्ट थकलेलं असतं म्हणून बाटलीसाठी ताजं यीस्ट द्यावं लागतं, सीबीसी-१ नावाचं यीस्ट २ ग्रॅम २० लिटरला पुरतं. फेसासाठी बाटली भरताना घालायच्या साखरेचा हिशोब सोपा आहे, लिटरला ४ ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक व्हॉल्यूम (बीअरच्या आकारमानाइतका) सीओटू, आणि २० अंशांवर फर्मेंट झालेल्या बीअरमध्ये पाऊण-एक व्हॉल्यूम आधीच विरघळलेला असतो, म्हणजे तीन व्हॉल्यूमला लिटरला साडेआठ ग्रॅम. मग तीन आठवडे उबदार खोलीत, २२ ते २५ अंश, आणि नंतर तळघर.

एका क्वाडची सवय झाली की ऑर्व्हलच्या वाटेला जा. पिल्सनर किंवा पेल माल्ट, थोडं कॅराव्हिएन (कॅरॅमल माल्ट), बारा-पंधरा टक्के पांढरी साखर, सुरुवात १.०५५, हॉप्समध्ये हॅलरटाऊ, स्टिरियन गोल्डिंग आणि मिळाला तर स्ट्रिसेलस्पाल्ट, शेवटी तोच थंड बीअरमध्ये ड्राय हॉप म्हणून, म्हणजे न उकळता, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. ब्रेट विकत घ्यायची गरज नाही, दोन ताज्या ऑर्व्हल पी आणि तळाचा गाळ भांड्यात ओत. पण ऑर्व्हलवाले ब्रेट बाटलीत घालतात म्हणून तू घालू नकोस. गणित बघ: बाटली भरताना ग्रॅव्हिटी १.००८ आहे, प्रायमिंगने (बाटलीसाठीच्या साखरेने) अडीच व्हॉल्यूम दिलेस, आणि ब्रेटने वर्षभरात ती १.००३ वर नेली. प्रत्येक पॉइंटला (०.००१) जवळपास अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे आणखी अडीच, एकूण पाच. साध्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला तीनच्या पुढे भरवसा नाही, पाचला ती बॉम्ब आहे. त्यांच्या जाड बाटल्या आणि त्यांची लॅब आपल्याकडे नाही. म्हणून ब्रेट मोठ्या भांड्यात घाल, तीन-चार महिने दे, महिनाभराच्या अंतराने दोन रीडिंग सारखी आली की ड्राय हॉप, मग बाटली, आणि तीही शॅम्पेनची किंवा जाड बेल्जियन. त्यातल्या काहींना २६ नाही तर २९ मिलिमीटरची कॅप लागते, कॅपरचं तोंड तपासून घे. आणि ब्रेटला लागलेल्या नळ्या, नळ, रबरी बूच सगळं वेगळ्या डब्यात, परत क्वाडकडे आणायचं नाही.

लॅम्बिक सध्या विसर. खिडकीत भांडं ठेवून रानटी जंतू पकडायचे व्हिडिओ आहेत, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने करायचं काम नाही ते. लॅम्बिक बनवणारे कॅन्टियोंवालेसुद्धा फक्त थंडीच्या महिन्यांत ब्रू करतात कारण उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू जास्त. आंबटाचीच हौस असेल तर रूसेलारे ब्लेंड (यीस्ट आणि आंबवणाऱ्या जंतूंचं तयार मिश्रण) घालून फ्लँडर्स रेड ही आंबट लालसर बीअर कर, दीड वर्ष हात लावू नकोस, मध्ये कधी वर पांढरा पापुद्रा येईल, कधी बीअर तारेसारखी चिकट होईल, ढवळायचं नाही, ब्रेट ते नंतर साफ करतं. रोडेनबाख ग्रां क्रू या त्याच प्रकारच्या बीअरमध्ये जुनी दोन तृतीयांश आणि नवी एक तृतीयांश असते, तसं तूही शेवटी थोडी ताजी गडद बीअर मिसळून आंबटपणा आवरू शकतेस.

नाशिकचं. सामान घेऊन जाऊन तिथे बनवायचा विचार असेल तर सोड, महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं गुन्हा आहे. बाटल्या न्यायला दोन लिटरपर्यंत कस्टम ड्युटी नाही, म्हणजे ३३० मिलीच्या सहा, १९८० मिली, बरोबर बसतात. जुन्या नेऊ नकोस, प्रवासात हलून गाळ वर येतो आणि तिकडच्या उन्हात ठेवलं तर इथल्या वर्षाचं म्हातारपण काही आठवड्यांत येतं. तीन ताज्या ऑर्व्हल, तीन रोशफोर ८, चेक-इन बॅगेत कपड्यात गुंडाळून. पोचल्यावर दोन-तीन दिवस फ्रिजच्या दारात उभ्या ठेव, गाळ बसू दे, आणि द्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ, घरचे कितीही म्हणाले की बीअर थंडगारच पाहिजे तरी.